एकनाथ चिटणीस, इन्सॅट आणि मुंबईची उपनगरे : उपग्रह धोरणाचा एक आडवळणी इतिहास

भारताच्या उपग्रह धोरणाचा इतिहास बहुधा थुंबा, श्रीहरिकोटा, अहमदाबाद आणि बंगळुरू या चार ठिकाणांभोवती लिहिला जातो, आणि त्या इतिहासात मुंबईच्या उपनगरांना फारसे स्थान मिळत नाही. तरीही या धोरणाचा सर्वांत मोठा आर्थिक आणि सांस्कृतिक परिणाम ज्या भूभागावर झाला, त्यात अंधेरी, गोरेगाव आणि बोरिवलीचा क्रम बराच वरचा लागतो. ज्या अधिकाऱ्यांनी हे धोरण घडवले त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र शहर नव्हते. शाळा, शिक्षक आणि वीज यांची वानवा असलेले खेडे होते. खेड्यासाठी आखलेली यंत्रणा महानगराच्या कडेला कशी फळाला आली, हे समजून घ्यायचे तर त्या अधिकाऱ्यांपैकी एका मराठी माणसाची, प्रा. एकनाथ वसंत चिटणीस यांची, कारकीर्द हा सर्वांत उपयोगी धागा ठरतो.

चिटणीस यांचा जन्म २५ जुलै १९२५ रोजी कोल्हापूर येथे झाला. पुढे ते विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये अहमदाबादेत स्थापन केलेल्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत दाखल झाले आणि विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणारे उच्च ऊर्जेचे कण, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय बनला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ब्रुनो रॉसी यांच्या गटात काम करत होते. परंतु साराभाईंच्या बोलावण्यावरून ते १९६१ मध्ये भारतात परतले आणि तेथून त्यांच्या आयुष्याची दिशा संशोधनाकडून संस्था उभारणीकडे वळली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय अवकाश संशोधन समितीचे ते सदस्य-सचिव होते. या पदाचे स्वरूप शास्त्रज्ञापेक्षा प्रशासकाच्या कामाच्या जवळचे होते, कारण जमिनीची निवड, राज्य सरकारांशी पत्रव्यवहार, परदेशी संस्थांशी करार आणि माणसांची जुळवाजुळव ही सारी कामे सचिवाकडे येत. चुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे निवडलेले थुंबा, जेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले अग्निबाण उड्डाण झाले, आणि पूर्व किनाऱ्यावरील श्रीहरिकोटा या दोन्ही जागांच्या निवडीत त्यांचा वाटा होता.

अवकाश कार्यक्रमाचा दूरसंचाराशी संबंध जोडला गेला तो भूस्थिर कक्षेच्या कल्पनेमुळे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या गतीशी जुळवून घेत असल्याने तो जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो, आणि त्यामुळे देशभरातल्या अँटेना त्याच्याकडे एकदाच रोखून ठेवता येतात. भारतासारख्या विस्तीर्ण देशात जमिनीवरचे मनोरे एकेक करून उभारत गेल्यास दूरचित्रवाणी खेड्यापर्यंत पोहोचायला कित्येक दशके लागली असती. उपग्रह मात्र महानगर आणि दुर्गम पाडा यांच्यात भेद करत नाही, किंबहुना त्याच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणे सारख्याच अंतरावर असतात. विकासाची वाट शहराकडून खेड्याकडे झिरपत जाण्याऐवजी तिची सुरुवातच खेड्यापासून करावी, हा साराभाईंचा आग्रह होता. १९६७ च्या सुमारास भारतीय अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांनी मिळून या पर्यायांच्या खर्चाचा अभ्यास केला, आणि १८ सप्टेंबर १९६९ रोजी उभय संस्थांत करार झाला. नासाने आपला उपग्रह एक वर्षासाठी वापरायला द्यावा, तर जमिनीवरील सर्व यंत्रणा आणि कार्यक्रम भारताने उभे करावेत, अशी ही वाटणी होती. साराभाईंचे ३० डिसेंबर १९७१ रोजी अकाली निधन झाल्यावर ही योजना प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी त्यांच्या सहकाऱ्यांवर आली, आणि तिच्या कार्यक्रम व्यवस्थापकपदी चिटणीस होते.

उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग, ज्याचे इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेले 'साइट' हे नाव रूढ झाले, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात चालला. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामूहिक दूरचित्रवाणी संच बसवण्यात आले. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. प्रत्येक खेड्यात तारेच्या जाळीची सुमारे ३ मीटर व्यासाची बशीच्या आकाराची अँटेना उभारली गेली. नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावर ९ मीटरहून मोठा, छत्रीसारखा उलगडणारा परावर्तक असल्यामुळे त्याचा संदेश इतका बलवान होता, की अशी साधी आणि स्वस्त अँटेना पुरेशी ठरली. रोज चार तासांचे प्रक्षेपण होई. त्यातील दीड तास सकाळी शाळांसाठी आणि अडीच तास संध्याकाळी प्रौढांसाठी राखलेला असे, आणि चित्र एक असले तरी त्याच्यासोबत दोन ध्वनिवाहिन्या जाऊ शकत असल्याने एकाच वेळी दोन भाषिक गटांना ते ऐकता येई. मुलांसाठीच्या विज्ञानविषयक कार्यक्रमांची निर्मिती इस्रोने मुंबईतील आपल्या स्टुडिओतही केली. मुंबईच्या पुढल्या दूरचित्रवाणी उद्योगाचा हा एक विस्मृतीत गेलेला पूर्वसूरी म्हणता येईल.

या प्रयोगाचे वेगळेपण त्याच्या यंत्रांइतकेच त्याच्या पाहणीत होते. कार्यक्रम तयार होण्याआधी प्रेक्षकांच्या गरजांचा अभ्यास, प्रक्षेपण चालू असताना गावात मुक्काम करणारे मानववंशशास्त्रज्ञ आणि प्रयोग संपल्यावर परिणामांचे मोजमाप, अशी तीन टप्प्यांची व्यवस्था अभियंत्यांच्या बरोबरीने समाजशास्त्रज्ञांवर सोपवण्यात आली. अवकाश विभागासारख्या तांत्रिक खात्यात समाजशास्त्रज्ञांना असे स्थान देणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. युनेस्कोने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला या अनुभवाचा आढावा मा. स. गोरे यांनी लिहिला, आणि गोरे हे मुंबईच्या पूर्व उपनगरातील देवनार येथील टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचे दीर्घकाळ संचालक होते. पाहण्यांचे निष्कर्ष भाबडे नव्हते. शाळेतील उपस्थितीत लक्षणीय फरक पडला नाही आणि सुरुवातीची गर्दी पुढे ओसरली, हे त्यांत स्पष्टपणे नोंदवले गेले. त्याच वेळी निरक्षर प्रेक्षक आणि स्त्रिया यांच्या आरोग्यविषयक माहितीत भर पडल्याचेही दिसून आले. यश आणि अपयश दोन्ही लिहून ठेवणारी ही शिस्त चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कारभाराचा गाभा होती. याच काळात गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पिज येथील छोट्या प्रक्षेपकावरून स्थानिक भाषेतले आणि स्थानिक प्रश्नांवरचे कार्यक्रम दाखवले जात होते, आणि राष्ट्रव्यापी उपग्रहाला गावपातळीवरच्या निर्मितीची जोड देण्याचा विचार तेथे प्रत्यक्ष तपासला जात होता.

एटीएस-६ ठरल्याप्रमाणे परत गेल्यावर स्वतःच्या उपग्रहाची गरज उघड झाली आणि त्यातून इन्सॅट, म्हणजे भारतीय राष्ट्रीय उपग्रह प्रणाली, आकाराला आली. या प्रणालीची प्रशासकीय रचना नमुनेदार होती. दूरसंचार, हवामान, आकाशवाणी व दूरदर्शन आणि अवकाश या वेगवेगळ्या खात्यांनी एकाच उपग्रहाचा खर्च आणि उपयोग वाटून घ्यायचा, आणि त्यांच्यातील समन्वयासाठी स्वतंत्र समिती असायची, असे ठरले. चिटणीस १९८१ मध्ये अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक झाले आणि १९८५ पर्यंत त्या पदावर राहिले. म्हणजे इन्सॅटची जुळवाजुळव, पहिले अपयश आणि पहिले यश हे तिन्ही त्यांच्या कार्यकाळात घडले. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर अवकाशयानातून गेलेला इन्सॅट-१बी मात्र टिकला. त्यावर दूरसंचारासाठी १२ आणि दूरचित्रवाणीसाठी २ ट्रान्सपॉन्डर होते. ट्रान्सपॉन्डर म्हणजे जमिनीवरून आलेला संदेश स्वीकारून, त्याची वारंवारता बदलून आणि शक्ती वाढवून तो पुन्हा खाली धाडणारे उपकरण. दूरचित्रवाणीचे दोन ट्रान्सपॉन्डर जास्त शक्तीचे ठेवण्यामागे खेड्यातील छोट्या अँटेनांचाच विचार होता. या वेळी महाराष्ट्रही लाभार्थी राज्यांत होता. शालेय कार्यक्रमांची मराठीत निर्मिती करण्यासाठी १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था सुरू झाली, जी पुढे २०१७ मध्ये बंद करण्यात आली. चिटणीस यांना १९८५ मध्ये पद्मभूषण किताब देण्यात आला.

नेमक्या याच टप्प्यावर धोरणाची दिशा बदलली. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता. इन्सॅट-१बी उपलब्ध होताच सरकारने खेड्यातील थेट स्वीकृतीपेक्षा कमी शक्तीच्या प्रक्षेपकांवर भर दिला. हे प्रक्षेपक उपग्रहावरून आलेला कार्यक्रम घेऊन आसपासच्या काही किलोमीटरांत नेहमीच्या घरगुती अँटेनांना पुरवत, आणि ते मुख्यतः शहरांत व जिल्ह्याच्या गावांत बसवले गेले. १९८४ मध्ये काही महिने जवळपास दिवसाला एक प्रक्षेपक सुरू होत होता. यंत्रणेचा विस्तार इतका झपाट्याने झाला, की तिला पुरतील एवढे कार्यक्रम दूरदर्शनपाशी नव्हते. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने त्याच सुमारास या विसंगतीवर बोट ठेवले आणि विकेंद्रित, लोकांच्या जीवनाशी निगडित कार्यक्रम निर्मितीची शिफारस केली. प्रत्यक्षात ती पोकळी जाहिरातदारांनी पुरस्कृत केलेल्या मालिकांनी भरून काढली. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली 'हम लोग' ही त्यांतली पहिली गाजलेली मालिका होय.

पुरस्कृत मालिकेचे अर्थकारण मुंबईच्या उपनगरांना अनुकूल ठरले. कलावंत, छायालेखक, संकलक, रंगभूषाकार, सेट उभारणारे सुतार आणि दिवे लावणारे कामगार यांचा प्रशिक्षित वर्ग चित्रपटसृष्टीमुळे वांद्र्यापासून मालाडपर्यंतच्या पट्ट्यात आधीच वस्तीला होता. गोरेगावात १९४० च्या दशकात निघालेले फिल्मिस्तान, अंधेरीचे फिल्मालय आणि १९७७ मध्ये राज्य सरकारने गोरेगाव पूर्वेला उभारलेली चित्रनगरी ही त्यांची कामाची ठिकाणे होती. २ ऑक्टोबर १९८८ पासून दाखवल्या गेलेल्या बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत' मालिकेचे बरेचसे चित्रीकरण याच चित्रनगरीत झाले. अहमदाबादेत आखलेल्या आणि दिल्लीतून चालवल्या जाणाऱ्या यंत्रणेला कार्यक्रम पुरवण्याचे काम अशा रीतीने गोरेगाव-अंधेरीकडे आले, आणि चित्रपटाच्या हंगामी धंद्याला दर आठवड्याला भाग देण्याच्या बांधीव वेळापत्रकाची जोड मिळाली.

दूरसंचाराच्या बाजूनेही १९८६ हे वर्ष निर्णायक होते. १ एप्रिल १९८६ पासून मुंबई व दिल्लीची स्थानिक दूरध्वनी सेवा महानगर टेलिफोन निगमकडे गेली, आणि त्याच दिवसापासून परदेशी दळणवळण सांभाळणाऱ्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसची जागा विदेश संचार निगमने घेतली. या दुसऱ्या संस्थेचे मुख्यालय मुंबईत होते. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये उभारलेले, साराभाईंच्या स्मरणार्थ 'विक्रम' नाव दिलेले भूकेंद्रही, म्हणजे उपग्रहाशी संपर्क साधणारे जमिनीवरील केंद्र, तिच्याच ताब्यात आले. परिणामी घाटकोपर किंवा मुलुंडमधील एखाद्या ग्राहकाचा परदेशी फोन एका निगमच्या तारेवरून निघून दुसऱ्या निगमच्या भूकेंद्रातून आकाशात जाई, तर दूरदर्शनचा कार्यक्रम तिसऱ्या खात्याचा आणि उपग्रह चौथ्या खात्याचा असे. इन्सॅट समन्वय समितीने जे एकसूत्री चित्र रेखाटले होते त्याचे आता वेगवेगळ्या अधिकारक्षेत्रांत तुकडे पडले होते, आणि पुढच्या दशकात परकीय उपग्रह आल्यावर कोणत्याही एका खात्याला त्याचे उत्तर देता आले नाही.

हा परकीय उपग्रह म्हणजे एप्रिल १९९० मध्ये सोडलेला एशियासॅट-१. १९९१ च्या आखाती युद्धाच्या बातम्यांनी परदेशी वाहिन्यांविषयी कुतूहल निर्माण झाले, त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्हीने हिंदी प्रेक्षकाला साद घातली. हा बदल उपनगरांतील इमारतींच्या गच्चीवर अक्षरशः मोजता येत होता. इन्सॅट-१बी ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे जवळपास मुंबईच्याच रेखांशावर होता, त्यामुळे त्याच्यासाठी मुंबईतली डिश जवळजवळ नेमक्या दक्षिणेला आणि क्षितिजापासून सुमारे ६८ अंश वर रोखावी लागे, तर एशियासॅट १०५.५ अंशांवर असल्याने त्याच्यासाठी तीच डिश आग्नेयेकडे वळवून सुमारे ४७ अंशांपर्यंत खाली झुकवावी लागे. डिशच्या नाभीवर बसवलेले एलएनबी हे उपकरण क्षीण संदेशाची शक्ती वाढवून त्याची वारंवारता उतरवी, खालच्या कंट्रोल रूममध्ये रिसीव्हर आणि मॉड्युलेटर प्रत्येक वाहिनीला टीव्ही संचावरचा एकेक क्रमांक देत, आणि तेथून निघालेली जाड काळी केबल गच्चीवरून गच्चीवर, वाटेत झाडांचा आणि विजेच्या खांबांचा आधार घेत, ठराविक अंतरावर अँप्लिफायरमधून जाऊन सोसायट्या आणि चाळींत पोहोचे.

या धंद्याला उपनगरांइतकी सोयीची भूमी दुसरी नव्हती. मुंबई उपनगर हा १ ऑक्टोबर १९९० रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. त्यातील अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तिन्ही तालुक्यांत एकमेकींना खेटून असलेल्या गृहनिर्माण सोसायट्यांची दाट वस्ती होती, आणि त्यामुळे एका डिशवर शेकडो कनेक्शने चालवता येत. व्हिडिओ कॅसेट लावून इमारतीपुरते चित्रपट दाखवणारे तरुण १९८० च्या दशकापासूनच येथे होते. तेच आता 'केबलवाले' झाले. थोडे भांडवल, गल्लीतली ओळख, रात्री-अपरात्री खांबावर चढण्याची तयारी आणि महिन्याच्या महिन्याला दारोदार वसुली, एवढ्यावर त्यांचा व्यवसाय उभा होता.

कायदा मात्र फार मागे होता. १८८५ च्या भारतीय टेलिग्राफ कायद्याने संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारला दिला होता, परंतु आकाशातून येणारा परदेशी संदेश घेऊन तो तारेने वाटणाऱ्या माणसाची कल्पना त्या कायद्यात नव्हती. १९९४ मध्ये काढलेल्या अध्यादेशाने आणि पाठोपाठ १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायद्याने केबलचालकाला आपल्या भागातील मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करणे बंधनकारक झाले, आणि उपग्रह युगातील एका नव्या धंद्याची वही अशा रीतीने पोस्टमास्तरांच्या टेबलावर उघडली गेली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नसल्याचे स्पष्ट केले. या खटल्यातील प्रमुख निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिले होते, जे मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले होते. वापराचे नियमन स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाने करावे, हेही त्या निकालाने सुचवले.

अपलिंकिंगचे, म्हणजे जमिनीवरून उपग्रहाकडे कार्यक्रम धाडण्याचे, बंधन यानंतरही काही वर्षे राहिले. खासगी वाहिन्यांना भारतातून अपलिंक करता येत नसल्यामुळे उपनगरांत चित्रित आणि संकलित झालेल्या मालिकांच्या टेप विमानाने परदेशी पाठवल्या जात, तेथून त्या उपग्रहावर चढत आणि पुन्हा उपनगरांतल्याच गच्च्यांवर उतरत. १९९७ च्या उपग्रह दळणवळण धोरणाने खासगी क्षेत्राला वाव देण्याचे तत्त्व मान्य केले, १९९८ मध्ये भारतीय कंपन्यांना विदेश संचार निगममार्फत अपलिंकिंगची मुभा मिळाली आणि २००० मध्ये स्वतःची भूकेंद्रे उभारण्याची परवानगी आली. चित्रीकरण, संकलन आणि प्रक्षेपण यांच्यामधले अंतर मिटताच रोज भाग देणाऱ्या मालिकांचे युग अवतरले आणि अंधेरी, गोरेगाव व मालाड या परिसराचे निर्मितीतले वर्चस्व पक्के झाले. मराठीलाही याचा लाभ झाला. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली, आणि बोरिवलीतील मराठी कुटुंब व गडचिरोलीतील मराठी कुटुंब प्रथमच एकाच वेळी एकच खासगी मराठी मालिका पाहू लागले. केबलवाल्याचे स्वातंत्र्य मात्र आक्रसत गेले. मोठ्या वितरक कंपन्यांनी छोट्या कंट्रोल रूम आपल्या जाळ्यात घेतल्या आणि ३१ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत डिजिटल प्रक्षेपण सक्तीचे झाल्यावर स्वतःच्या डिशवर धंदा करणारा केबलचालक मुख्यतः वसुली आणि दुरुस्ती करणारा दुय्यम घटक बनला. परदेशी दळणवळणही बव्हंशी उपग्रहावरून समुद्राखालच्या केबलींवर गेले, ज्यांपैकी अनेक केबली अंधेरीजवळच्या वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात.

चिटणीस निवृत्तीनंतर पुण्यात राहिले, तेथील विद्यापीठाच्या संज्ञापन आणि शैक्षणिक माध्यमांच्या कामाशी जोडलेले राहिले आणि प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया या वृत्तसंस्थेच्या संचालक मंडळावरही होते. वयाची शंभरी पूर्ण करून २२ ऑक्टोबर २०२५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीचा आणि उपनगरांच्या भरभराटीचा संबंध सरळ कार्यकारणाचा नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उभे केले त्याचे दोन भाग होते: एक उपग्रह, भूकेंद्र आणि प्रक्षेपक यांचा, आणि दुसरा प्रेक्षकाची गरज शोधण्याचा, स्थानिक निर्मितीचा आणि परिणाम मोजण्याचा. देशाने पहिला भाग तत्परतेने उचलला आणि दुसरा अर्ध्यावर सोडला. उपनगरांना मिळाला तो पहिल्या भागाचा लाभ, आणि तेथील कलावंत, कामगार व केबलवाले यांनी त्याचे सोने केले, यात त्यांचा दोष काढण्याजोगे काही नाही. दोष आहे तो बालचित्रवाणीसारख्या संस्था वाळू देणाऱ्या आणि पाहणीची शिस्त विसरणाऱ्या शासनव्यवहाराचा. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने उपग्रह सेवांच्या वारंवारता लिलावाविना, प्रशासकीय निर्णयाने देण्याची तरतूद केली असून उपग्रहावरून थेट घरात इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या आता दाराशी उभ्या आहेत. त्यांना परवाने देताना किती घरांना जोडणी मिळाली एवढेच न विचारता, त्या जोडणीने कोणाच्या आयुष्यात काय बदलले हेही मोजण्याची अट धोरणात असली पाहिजे, आणि ती मोजण्याची रीत या देशाच्या अधिकाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच घालून दिलेली आहे.